हिरव्या कोटातला शेट्टी

मित्रांनो, मी एक जुना लाकडी शेट्टी आहे, म्हणजे दुकानदार बाहुला. उंची दीड वीत, पोट पुढे, कपाळाला गंध, डोक्यावर लाल पागोटे. मला पाहून कुणी घाबरल्याचे आजवर माझ्या ऐकिवात नाही. हसलेले मात्र पुष्कळ आहेत, आणि त्याचे मला कधी वाईट वाटले नाही. दुकानदाराकडे पाहून गिऱ्हाईक हसले तर दुकान बरे चालते.

तुम्ही बेंगळूरात वाढला असाल तर मला ओळखालच. नवरात्रात इथल्या घरांतून पायऱ्या मांडतात आणि त्यांवर बाहुल्या बसवतात. कन्नडमध्ये त्यांना गोंबे म्हणतात, आणि इथली जुनी मराठी घरेही गोंबेच म्हणतात. सर्वांत वर राजा-राणी, मग देव, मग लग्नाची वरात, आणि अगदी खाली, पाहणाऱ्यांच्या पायाशी, आम्ही दोघे: शेट्टी आणि शेट्टम्मा. आमच्यापुढे खऱ्या तांदळाचे, तूरडाळीचे, नाचणीचे छोटे ढीग घालतात आणि एका वाटीत गुळाचा खडा ठेवतात. दुकान नसेल तर राजाची प्रजा खाणार काय? एखाद्या वर्षी राजा नसला तरी चालेल, माझ्यावाचून चालणार नाही, असे माझे मत आहे. शेट्टम्मा कधी काही बोलली नाही, म्हणून तिचेही हेच मत असावे असे मी धरून चालतो.

माझा जन्म चन्नपट्टणचा. तिथल्या एका कारागिराने मऊ पांढरे लाकूड फिरत्या यंत्रावर धरून माझे पोट गोल केले, लाखेच्या कांड्या घासून रंग चढवला आणि शेवटी केवड्याच्या पानाने घासून मला चमक आणली. त्याच्या हाताला केवड्याचा वास येत असे. त्याचे नाव मला ठाऊक नाही, पण आजही माझ्या पोटावर दिवा चमकतो तेव्हा मी मनातल्या मनात त्याला नमस्कार करतो.

तिथून मला आप्पाजींनी विकत घेतले. ते शाळामास्तर होते. म्हैसूरहून येताना बस थांबली, त्यांनी आम्हा नवराबायकोला उचलले, आणि पिशवीचे तोंड मिटेना म्हणून मला मांडीवर घेऊन बसले. अशा थाटात मी जयनगरच्या घरी आलो. आप्पाजी आता नाहीत. घरात त्यांचा मुलगा सुधींद्र, सून आसावरी आणि नात स्मृती आहेत.

माझी नोकरी वर्षातून दहा दिवसांची. उरलेले दिवस पत्र्याच्या पेटीत, आप्पाजींच्या जुन्या धोतरात गुंडाळून, डांबरगोळ्यांच्या संगतीत जातात. लोक याला उपेक्षा म्हणतील. मी म्हणत नाही. दहा दिवस एवढे कौतुक झाल्यावर कुणालाही विश्रांती लागतेच.

त्या दहा दिवसांत दिवेलागणीला गल्लीतली पोरे दारोदार फिरत. "री, गोंबे कूर्सिदीरा?" म्हणजे गोंबे बसवलेत का हो, असे ओरडत आत शिरत. गोंबे पाहत, एखादे गाणे म्हणत आणि खाऊ घेऊन पुढच्या दारी पळत. त्यांच्यात प्राणेश नावाचा एक मुलगा होता, शेजारच्या कावेरीअक्कांचा. या पोराला राजाराणीत काडीचा रस नव्हता. तो सरळ माझ्या दुकानावर यायचा आणि सगळ्यांचे लक्ष वर असले की गुळाचा खडा तोंडात टाकायचा. एकदा घाईत त्याचे कोपर लागून मी खाली पडलो आणि माझ्या नाकाचा टवका उडाला. त्याने मला उचलले, नाकावर फुंकर घातली आणि जागेवर ठेवले. गूळ मात्र परत केला नाही.

पुढे तो मोठा झाला आणि फौजेत गेला. त्याचे वडील लवकर वारले होते. कावेरीअक्का एकट्या राहिल्या. पण नवरात्रात त्या न चुकता येत, माझ्यापुढच्या वाटीत स्वतःच्या घरचा गुळाचा खडा ठेवत आणि म्हणत, "हा माझ्या मगाच्या वाटचा." मगा म्हणजे कन्नडमध्ये मुलगा.

आता मित्रांनो, लढाईची बातमी मला सर्वांत उशिरा कळली. १९९९ सालच्या उन्हाळ्यात कारगिलला लढाई पेटली तेव्हा मी पेटीत होतो. नवरात्राच्या आदल्या दिवशी आसावरीने आम्हाला धोतरातून सोडवले, तेव्हा ती स्मृतीशी जे बोलली त्यावरून मला सारे समजले. लढाई संपली होती. प्राणेश तिथे होता. बर्फाने त्याच्या उजव्या पायाची पाचही बोटे नेली होती. दोन महिने इस्पितळात काढून तो सुट्टीवर घरी आला होता, पण खोलीतून बाहेर येत नव्हता.

"आणि जेवत नाही गं," आसावरी शेट्टम्माचे तोंड पुसत म्हणाली. "दोन घास भात, बस्स. अक्का चपात्या करतात तर ताट सारून उठून जातो. हडकलाय नुसता. अक्का काल माझ्यापुढे रडल्या. म्हणाल्या, लढाईतून वाचला आणि आता माझ्या स्वयंपाकघरात मरतोय की काय."

हे ऐकून मला बरे वाटले नाही. गूळ चोरणाऱ्या माणसाची भूक मेली, ही गोष्ट कुठल्याही दुकानदाराला काळजीत टाकणारी आहे.

स्मृती तेव्हा अकरा वर्षांची होती. तिने मनावर घेतले की प्राणेशअण्णाला खूश करायचे. कसे, तर गोंब्यांमध्ये कारगिल उभे करायचे. तिने पोत्याला चिखल फासून डोंगर केला, वर कापसाचा बर्फ पसरला, पायथ्याशी मोहरी पेरून गवत केले. बाजारातून प्लास्टिकचे सैनिक आणले. सारे झाल्यावर तिच्या लक्षात आले की सैनिक सगळे आपलेच आहेत. मग मारायचे कुणाला?

खिडकीच्या गजांना लावून उरलेला हिरवा तैलरंग माळ्यावर होता. तिने पायऱ्यांवर नजर फिरवली आणि चौघांना खाली उतरवले: वरातीतला नवरदेव, एक वाजंत्री, एक गारुडी आणि मी. एका दुपारात आम्ही चौघे हिरव्या कोटातले शत्रू झालो. माझे गंध गेले, पागोटे गेले, गालांवर दोन जाड मिशा आल्या. मग तिने आम्हाला डोंगराच्या उतारावर उताणे टाकले.

"अगं, शेट्टीला कशाला?" आसावरी म्हणाली.

"असू दे," सुधींद्र म्हणाला. "यंदा सगळ्या जयनगरात कारगिलच आहे. पण असा डोंगर कुणाचा नसणार. गोंब्यांच्या स्पर्धेचं बक्षीस आपलंच."

मी आयुष्यात प्रथमच आडवा पडून छत पाहत होतो. खालच्या पायरीवर शेट्टम्मा एकटी दुकान घेऊन बसली होती. तिचे डोळे रंगवलेले, त्यामुळे तिला ते मिटता येत नाहीत. ती समोर पाहत होती, आणि समोर मी होतो. खरे सांगतो, मला स्वतःसाठी एवढे वाटले नाही जेवढे तिच्यासाठी वाटले.

चौथ्या दिवशी संध्याकाळी स्मृती कावेरीअक्कांच्या घरी गेली आणि बंद खोलीच्या दाराशी उभी राहून ओरडली, "री, आम्ही गोंबे कूर्सिदीवी! पाहायला ये!" कोण जाणे त्या जुन्या हाकेत काय होते. दार उघडले. काठी टेकत प्राणेश आमच्या घरी आला. मागून कावेरीअक्का आल्या, जीव मुठीत धरून. सुधींद्रने खुर्ची पुढे केली, आसावरीने कॉफी आणली.

"प्राणेशअण्णा, हे तुझं शिखर," स्मृती म्हणाली. "हे सगळे आपले. आणि हे बघ, शत्रू मेलेत."

प्राणेश डोंगराकडे पाहत राहिला. सुधींद्रला शांतता सहन होत नाही. तो म्हणाला, "खरं सांगू का प्राणेश, थांबायलाच नको होतं. अजून आठ दिवस मिळाले असते ना, आपण पार पलीकडे गेलो असतो."

"आपण म्हणजे कोण, सुधींद्रअण्णा?"

सुधींद्रचा पेला ओठांपाशीच राहिला. प्राणेशच्या आवाजात राग नव्हता, म्हणूनच ते जास्त लागले.

"वर चढून गेलेल्या शत्रूला हाकलायचं होतं, ते हाकललं," प्राणेश म्हणाला. "त्यापुढं थांबा म्हणाले, म्हणून मी आज इथं कॉफी पितोय. पलीकडंही कुणीतरी असाच पीत बसला असेल. आठ दिवस म्हणायला सोपे आहेत हो."

आसावरीने विषय बदलायचा म्हणून स्मृतीला दटावले, "आणि तुला किती वेळा सांगितलं, दशमीच्या आधी गोंबे आडवे करायचे नसतात! दशमीला एकाला निजवायचं, तोवर सगळे उभे..." आणि मध्येच तिने जीभ चावली.

"सरी, बरोबर आहे ते," प्राणेश म्हणाला. "आडवं नाही करायचं." तो खुर्चीतून कष्टाने वाकला आणि त्याने मला उचलून उभे केले. त्याचा अंगठा माझ्या पोटावरून फिरला, मग नाकावर थांबला.

"हा तर शेट्टी."

"नाही, तो शत्रू आहे," स्मृती म्हणाली.

"नाकाचा टवका बघ. माझ्याच कोपरानं उडवलाय तो. नुसता कोट बदलला तर मी याला ओळखणार नाही होय?"

स्मृतीचा चेहरा पडला. प्राणेशने नखाने माझ्या कपाळावरचा रंग खरवडून पाहिला. मग म्हणाला, "आसावरीअक्का, मी याला घरी नेऊ? स्वल्प साफ करून आणतो."

कावेरीअक्कांनी पदराचे टोक तोंडात धरले. घरी आल्यापासून त्याने काहीतरी मागितले होते, ते हे पहिलेच.

तर मित्रांनो, दुसऱ्या सकाळी मी कावेरीअक्कांच्या मागच्या कट्ट्यावर होतो. शेजारी रॉकेलची वाटी, कापूस, जुना दात घासायचा ब्रश आणि कडुनिंबाची काडी. प्राणेश रंग मऊ पडेपर्यंत वाट पाही आणि मग काडीने हळूहळू सोडवी. घाई केली तर खालची लाख निघाली असती, आणि त्याने एकदाही घाई केली नाही. थोड्या वेळाने स्मृती कुंपणाच्या फटीतून आली. तिच्या फ्रॉकच्या ओच्यात नवरदेव, वाजंत्री आणि गारुडी होते. तिने कापूस घेतला आणि नवरदेवाचे तोंड पुसायला लागली.

दोन दिवस दोघे असे काम करीत होते. तिसऱ्या दिवशी तिने विचारले, "अण्णा, तू रागावलास माझ्यावर?"

"नाही गं."

"मग चपाती का नाही खात? अक्का रडते."

त्याची काडी थांबली. स्वयंपाकघराच्या दारात कावेरीअक्का उभ्या होत्या, हे त्याला दिसत नव्हते. मला दिसत होते.

"वर पोचलो तेव्हा आम्ही चार दिवस बिस्किटं आणि बर्फ खाऊन होतो," तो म्हणाला. "दगड रचून केलेली खोली होती. आत त्यांचा एकजण होता. मेलेला. आमच्याच गोळीनं. कुणाच्या, ते कळत नाही. माझीही असेल. त्याच्या शेजारी परात होती आणि परातीत कणीक. मळून, वर ओलं फडकं टाकून ठेवलेली. अम्मा ठेवते ना, मुरायला, तशीच. गोठून दगड झाली होती."

"मग?"

"मग आम्ही स्टोव्ह पेटवला, कणीक मऊ केली, चपात्या भाजल्या आणि खाल्ल्या. तो तिथंच होता." तो माझ्याकडे पाहत होता, तिच्याकडे नाही. "चांगल्या झाल्या होत्या. आता अम्मानं कणकेवर फडकं टाकलं की मला तो दिसतो. त्याला काय, थोड्या वेळानं जेवायचं होतं."

स्मृती रडू लागली. आणि मला, खरे सांगायचे तर, कावेरीअक्कांची धास्ती वाटली. तुम्हाला ठाऊक नसेल, त्या सोवळ्याच्या फार कडक. हॉटेलातली इडली त्यांना चालत नाही, नळाचे पाणी तीनदा गाळतात. कुणाच्या हातचे, कुठल्या परातीतले अन्न मुलाने खाल्ले हे ऐकून आता त्या काय म्हणतील, या विचाराने माझ्या लाकडाला घाम फुटायचा बाकी होता. प्राणेशने वळून त्यांना पाहिले आणि तो उठायला लागला. त्याच्याही मनात हेच असावे.

"बस मगा," त्या म्हणाल्या. "मला एकच सांग. त्या कणकेत मीठ होतं का?"

तो गोंधळला. "होतं, अम्मा."

त्या कट्ट्यावर येऊन बसल्या. "मग आपण त्याचं मीठ खाल्लंय. खाल्ल्या मिठाला जागायला पाहिजे."

"कसं जागणार? तो गेला."

"तू ताट सारून उपाशी राहिलास म्हणून त्याचं पोट भरतं का? त्यापेक्षा आधी त्याला वाढू, मग तू खा. सरी?" मग त्यांनी विचारले, "नाव काय रे त्याचं?"

"माहीत नाही, अम्मा."

"त्याची आई त्याला काहीतरी म्हणत असेलच की. मी मगा म्हणते."

त्या दुपारी कावेरीअक्कांनी कणीक मळली आणि वर ओले फडके टाकले. प्राणेश उठून गेला नाही. मला मांडीवर घेऊन तो स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसला, म्हणून मी हे सारे पाहू शकलो. पहिली चपाती त्यांनी केळीच्या पानाच्या तुकड्यावर घातली, वर तूप सोडले, पान मागच्या कट्ट्यावर ठेवले आणि कुणाशी तरी बोलावे तसे म्हणाल्या, "मगा, ऊटा माड. जेव बाळा." मग दुसरी चपाती त्यांनी प्राणेशच्या ताटात वाढली. त्याने घास मोडला. तोंडात घातला. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते आणि तो चावत होता. दोन खाल्ल्या. मग ताट पुढे करून त्याने तिसरी मागितली.

मी जन्मभर अन्नाच्या राशीपुढे बसलो आहे मित्रांनो, पण एखाद्याने जेवण मागण्याचे मोल मला त्या दुपारी कळले.

नवमीला मी घरी आलो. गंध पुन्हा दिसू लागले होते, पागोटे लाल झाले होते. फक्त डाव्या कानामागे हिरव्याची एक रेघ राहिली, तिथे काडी पोचली नाही. स्मृतीने मला शेट्टम्माशेजारी बसवले आणि नवरदेवाला त्याच्या वरातीत परत पाठवले. डोंगर तिने मोडला नाही. त्याच्या पायथ्याशी एक छोटी चूल मांडली आणि प्लास्टिकच्या सैनिकांना तिच्याभोवती बसवले. परीक्षक बायका आल्या, त्यांना काही कळले नाही, आणि बक्षीस पलीकडच्या रस्त्यावर गेले. सुधींद्र दोन दिवस हळहळला. पण आठ दिवसांची ती गोष्ट मी पुन्हा त्याच्या तोंडून ऐकली नाही.

प्राणेश सुट्टी संपवून पलटणीत परतला. पायामुळे त्याला कोठारावर काम दिले आहे, पीठ, डाळ, तांदूळ वाटायचे. म्हणजे तो आता आमच्याच धंद्यात आला. जाण्याआधी त्याने माझ्यासमोरचा गूळ उचलला, या वेळी सगळ्यांच्या देखत.

मी सुखी आहे. ज्याने मला घडवले, ज्यांनी मांडीवर बसवून आणले, ज्याने ओळखले आणि ज्या मुलीने आपल्या हातचा रंग आपल्याच हाताने उतरवला, त्या सर्वांचा मी ऋणी आहे. लढाई कधी करूच नये असे सांगण्याइतका मी शहाणा नाही. घरात चोर शिरला तर मीही हातातले माप उगारीन. पण जिथे थांबता येते तिथे थांबा. आणि कुणालाही शत्रूचा कोट चढवण्याआधी दहादा विचार करा. मला रंगवायला एक दुपार पुरली, तो रंग उतरवायला दोन माणसांना चार दिवस लागले.

आणखी एक विनंती आहे. प्राणेश गेला तरी कावेरीअक्का रोज पहिली चपाती त्या अनोळखी मुलाला वाढतात. डोंगरापलीकडे त्याची आई असेल. माझा मुलगा उपाशी गेला, एवढेच तिला ठाऊक असेल. मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल, दूरदूर जाल. तुमच्यापैकी कुणाला ती कधी भेटलीच, तर तिला एवढे सांगा की बेंगळूरात, जयनगरच्या एका घरी, तिचा मुलगा रोज सर्वांच्या आधी जेवतो.